इंडस-२ वर एक्झाफ्स: निकेल कोबाल्टाइटच्या गोळ्या आणि केळीच्या पानातलं झिंक, तयारी कशी करावी?

तापी_काठची (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी धुळ्यात रसायनशास्त्रात पीएच.डी. करतेय. हायड्रोथर्मल पद्धतीने केलेले निकेल कोबाल्टाइटचे चार नमुने आहेत, सुपरकपॅसिटरसाठी. निकेलचं प्रमाण बदललं की कपॅसिटन्स बदलतो, पण एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) चौघांच्या रेषा जवळजवळ सारख्याच. कोबाल्ट आणि निकेल कुठल्या जागी बसलेत, कुठल्या ऑक्सिडेशन अवस्थेत आहेत, हे पाहायला गाइड सरांनी इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणारं यंत्र) एक्झाफ्ससाठी अर्ज करायला सांगितलंय. एक्झाफ्स म्हणजे क्ष-किरण किती शोषले जातात यावरून अणूचे शेजारी ओळखायचं तंत्र.

जोडीला आमच्या विभागातल्या कृषी रसायनाच्या गटाला रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या पानातलं आणि मातीतलं झिंक कोणत्या रूपात आहे ते बघायचंय. एकाच फेरीत दोन्ही होईल का?

माझे प्रश्न:
१. कुठली बीमलाइन (यंत्रातून प्रयोगापर्यंत येणारी क्ष-किरणांची वाट) मागायची? यादीत एक्झाफ्सच्या दोन दिसतात.
२. नमुना किती आणि कसा न्यायचा? कोणी पावडर म्हणतं, कोणी गोळी.
३. किती शिफ्ट मागाव्यात?
४. परदेशात, म्हणजे हॅम्बुर्ग वगैरे, अर्ज केलेला जास्त बरा का?

---

के_अवकाश

ताई, चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथेच बरेच जण सहा-आठ महिने घालवतात.

इंडस-२ ही इलेक्ट्रॉन २.५ जीईव्ही ऊर्जेने फिरवणारी साठवण कडी आहे. परीघ सुमारे १७२ मीटर, वक्र चुंबकांचं क्षेत्र १.५ टेस्ला, म्हणून प्रकाशाची (म्हणजे क्ष-किरणांची) क्रांतिक ऊर्जा (जिच्या खाली आणि वर निम्मी-निम्मी शक्ती असते ती) ६.२ केईव्हीच्या आसपास येते. हॅम्बुर्गची पेट्रा-३ ही ६ जीईव्हीची आणि २३०४ मीटर परिघाची. तिथला प्रकाश अंड्युलेटरचा (इलेक्ट्रॉनला नागमोडी नेणारी चुंबकांची ओळ), कितीतरी पटींनी तेजस्वी. पण तुमच्या नमुन्यात कोबाल्ट वजनाने निम्म्याच्या आसपास आहे. त्याची के-कडा (जिथे शोषण एकदम उडी घेतं ती ऊर्जा) ७७०९ ईव्हीवर आणि निकेलची ८३३३ वर. हा पट्टा इंडस-२ च्या वक्र चुंबकाच्या अगदी सोयीचा. ट्रान्समिशनमध्ये (नमुन्यातून आरपार आलेला प्रकाश मोजून) दाट नमुना मोजायला तेजस्विता लागत नाही, स्थिरता लागते. तेव्हा हॅम्बुर्ग, ग्रेनोबल विसरा. भारतीय गटांनी पेट्रा-३ वर आणि जपानमधल्या त्सुकुबाच्या फोटॉन फॅक्टरीत पुष्कळ काम केलंय, पण ते ज्याला तिथलीच गोष्ट हवी त्याने: मायक्रॉनखालचा ठिपका, फार पातळ थर, उच्च दाब.

बीमलाइनचं म्हणाल तर बीएल-०८ ही डिस्पर्सिव्ह. वाकवलेला स्फटिक एकाच वेळी सगळ्या ऊर्जा पसरवतो आणि डिटेक्टरवर आख्खा स्पेक्ट्रम एकदम पडतो. झरझर बदलणारी गोष्ट पाहायला उत्तम, पण फ्लुओरेसन्स (नमुन्याने शोषून परत सोडलेला प्रकाश मोजणं) तिथे जमत नाही, कारण नमुन्यावर सगळ्या ऊर्जा एकदमच पडतात. बीएल-०९ ही स्कॅनिंग: दोन सिलिकॉन (१११) स्फटिकांचा मोनोक्रोमेटर एकेक ऊर्जा निवडत जातो. ट्रान्समिशन आणि फ्लुओरेसन्स दोन्ही होतं. तुम्ही बीएल-०९ च मागा. झिंकची कडा ९६५९ ईव्हीवर, तीही याच टप्प्यात.

आणि एकाच अर्जात दोन विषय घालू नका. समिती एक प्रश्न, एक पद्धत, एक नमुनामालिका असा अर्ज पटकन वाचते. केळी आणि सुपरकपॅसिटर एकत्र दिसले की दोन्ही मागे पडतात.

---

गोळी_आणि_गणित

पावडर की गोळी, तर गोळी. आणि गोळीचं वजन अंदाजाने नाही, हिशोबाने. बहुतेकांचा डेटा बीमलाइनवर नाही, हायड्रॉलिक प्रेसवर बिघडतो.

हिशोब असा. ट्रान्समिशनमध्ये कडेच्या पायरीची, म्हणजे शोषणाच्या त्या उडीची, उंची १ च्या जवळ हवी आणि कडेनंतरचं एकूण शोषण २.५ च्या आत.

कोबाल्टचा वस्तुमान-शोषण गुणांक कडेखाली साधारण ४७, कडेवर ३५५ चौरस सेंटिमीटर प्रति ग्रॅम. उडी ३०८. निकेल कोबाल्टाइटचं रेणुवस्तुमान २४०.६, त्यात कोबाल्ट ११७.९, म्हणजे ४९ टक्के. संयुगाच्या एका ग्रॅममागे उडी १५१. पायरी १ यायला ६.६ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. १३ मिलिमीटरच्या डायचं क्षेत्रफळ १.३३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे नमुना फक्त ९ मिलिग्रॅम.

९ मिलिग्रॅमची गोळी हातात टिकणार नाही, म्हणून त्यात १०० मिलिग्रॅम बोरॉन नायट्राइड. त्याचं स्वतःचं शोषण या ऊर्जेला ०.४ च्या आसपास. एकूण १.७ झालं, चांगलं आहे. सेल्युलोजही चालतं, स्वस्तही आहे, पण त्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून तेवढ्याच वजनाला ते दीडपट शोषतं. केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) मात्र नको. आयआरच्या (इन्फ्रारेडच्या) सवयीने पुष्कळ जण केबीआरमध्ये दाबून आणतात आणि ब्रोमीन जवळजवळ सगळा प्रकाश खाऊन टाकतो.

आता दळणं. या संयुगात कडेवर शोषणलांबी ९ मायक्रॉनच्या आसपास. कण त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याएवढे, म्हणजे २-३ मायक्रॉनच्या आत हवेत. ‘माझे कण नॅनो आहेत, मला काय दळायचं’ असं म्हणू नका. हायड्रोथर्मलचे कण भाजल्यावर गुठळ्या धरतात आणि प्रकाशाला गुठळी दिसते, टीईएममधला (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला) कण नाही. ४०० मेशची चाळणी ३८ मायक्रॉनची, तिचा इथे उपयोग नाही. अगेटच्या खलात अर्धा तास घोटा, मग थोड्या इथेनॉलमध्ये हलवून काही मिनिटं ठेवा. जाड कण तळाशी बसतात. वरचा गढूळ भाग वेगळ्या बशीत ओता, वाळवा, तोच वापरा. मग बोरॉन नायट्राइड एकदम न टाकता थोडं थोडं मिसळत घोटा. गोळी दिव्यासमोर धरा: ढग-ढग, ठिपके दिसले तर फोडून पुन्हा.

हे नीट नाही झालं तर काय होतं? जिथे गोळी पातळ किंवा भोक असलेली, तिथून प्रकाश न शोषता निघून जातो. कडेवरचं शिखर चपटं होतं, कडेपुढच्या दोलनांची (एक्झाफ्स म्हणजे तीच) उंची घटते, आणि फिटिंगमध्ये सहाच्या जागी साडेचार ऑक्सिजन शेजारी येतात. मग पेपरात ‘ऑक्सिजनच्या रिक्त जागा आढळल्या’ असं छापलं जातं. अशा कित्येक रिक्त जागा गोळीतल्या भोकांच्या असतात.

प्रत्येक नमुन्याच्या दोन गोळ्या करा. एक फुटतेच.

---

भुसावळ_जंक्शन

एवढं गणित करण्यापेक्षा गोळी जरा जाड झाली तर फ्लुओरेसन्समध्ये मोजा की. डिटेक्टर तिथे आहेच.

---

गोळी_आणि_गणित

भाऊ, नाही. फ्लुओरेसन्स विरळ नमुन्यासाठी. ४९ टक्के कोबाल्ट असलेल्या जाड गोळीत प्रकाश किती खोल जाईल हे खुद्द कोबाल्टच ठरवतो. शोषण वाढलं की खोली घटते, आणि दोलनं आपोआप दबतात. यालाच स्वशोषण म्हणतात. दुरुस्तीची सूत्रं आहेत, पण जे ९ मिलिग्रॅम तोलून टळतं त्यासाठी सूत्र कशाला? शिवाय डिटेक्टर मोजणीच्या मर्यादेला जाऊन चुकीचे आकडे देतो ते वेगळंच.

---

तापी_काठची

गोळी_आणि_गणित सर, खूप आभार, वजनं लिहून घेतली. एक शंका: हीच गोळी निकेलच्या कडेला चालेल का? आणि एक्झाफ्सवरून शेजारी निकेल आहे की कोबाल्ट हे कळेल ना?

---

गोळी_आणि_गणित

चालेल, पण पायरी लहान येईल. निकेल वजनाने २४ टक्केच. ९ मिलिग्रॅमच्या गोळीत निकेलची पायरी ०.४७ आणि एकूण शोषण १.८५. झेन्सला (फक्त कडेजवळचा भाग, ज्यावरून ऑक्सिडेशन अवस्था कळते) पुरतं. एक्झाफ्स अजून नीट हवं तर १२ मिलिग्रॅमची वेगळी गोळी करा: पायरी ०.६३, एकूण २.३ ते २.४. त्याच्या पुढे जाऊ नका. पायरी १ करण्याच्या नादात एकूण शोषण ३ च्या वर जातं.

हे आकडे नेमक्या सूत्राच्या निकेल कोबाल्टाइटचे. तुमच्या चौघांत निकेल बदलतंय, तेव्हा प्रत्येकासाठी आयसीपीवरून (मूलद्रव्यांच्या विश्लेषणावरून) आलेलं खरं प्रमाण घालून वजन पुन्हा काढा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ नाही असं आहे. कोबाल्ट अणुक्रमांक २७, निकेल २८. परत विखुरणाऱ्या इलेक्ट्रॉनला दोघं सारखेच दिसतात. पण जागा कळते, आणि तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. स्पिनेलमध्ये (तुमच्या संयुगाची स्फटिकरचना) जालक-लांबी ८.११ अँगस्ट्रॉम धरली तर अष्टफलकी (भोवती ६ ऑक्सिजन) जागेतल्या धातूला ६ अष्टफलकी शेजारी २.८७ वर आणि ६ चतुष्फलकी (भोवती ४ ऑक्सिजन) शेजारी ३.३६ वर असतात. चतुष्फलकी जागेतल्या धातूला २.८७ वर एकही नाही, ३.३६ वर १२. म्हणजे फूरिए रूपांतरात (दोलनांवरून अंतरं काढायचं गणित) या दोन शिखरांचं गुणोत्तर पाहा. फेज दुरुस्त न करता ती साधारण २.५ आणि ३.० वर दिसतील, दचकू नका. निकेलच्या कडेला पहिलं शिखर ठळक आणि कोबाल्टच्या कडेला दुसरं भारी, तर निकेल अष्टफलकीत शिरलंय. निकेल वाढवत नेल्यावर हे गुणोत्तर कसं सरकतं ते चार नमुन्यांत दिसलं की काम झालं.

अजून एक मर्यादा आधीच माहीत असू द्या. कोबाल्टच्या कडेपासून निकेलची कडा ६२४ ईव्हीवर. त्यामुळे कोबाल्टचा के-टप्पा (इथे के म्हणजे सुटलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगसंख्या, के-कडेतला के नव्हे) १२.८ ला संपतो. अर्जात ‘के १६ पर्यंत मोजू’ असं लिहिलं तर वाचणारा तिथेच समजून जातो.

---

के_अवकाश

मापनाच्या बाजूचं थोडं, म्हणजे बीमलाइनवर जाऊन वेळ शिकण्यात जायला नको.

मांडणी सरळ आहे. तीन आयन-कक्ष एका रांगेत. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये तुमची गोळी, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये कोबाल्टची धातूची फॉइल. पहिल्या कक्षातला वायू असा भरतात की १०-२० टक्के प्रकाश शोषला जाईल, दुसऱ्यात ७०-९० टक्के. फॉइल प्रत्येक स्कॅनला हवीच, एकदा मोजून मोकळं व्हायचं नाही. कारण इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉन ५५० एमईव्हीला भरतात आणि मग कडीतच २.५ जीईव्हीपर्यंत चढवतात. त्यामुळे काही आधुनिक यंत्रांसारखं सतत थोडं थोडं भरत राहणं होत नाही. प्रवाह तासागणिक उतरत जातो, मग उरलेला बीम टाकून नव्याने भरावा लागतो. भरल्यावर मोनोक्रोमेटरच्या पहिल्या स्फटिकावर उष्णतेचा भार एकदम बदलतो आणि ऊर्जेची मोजपट्टी किंचित सरकते. तुमचा ऑक्सिडेशन अवस्थेचा निष्कर्ष एखाद-दुसऱ्या ईव्हीच्या सरकण्यावर उभा. फॉइल सोबत नसेल तर कडा नमुन्यामुळे सरकली की यंत्रामुळे, हे कोणीच सांगू शकणार नाही. नवीन भरणीनंतरचा पहिला स्कॅन मानकांसाठी (अवस्था आधीच माहीत असलेली तुलनेची संयुगं) वापरू नका, प्रकाश स्थिरावू द्या.

हार्मोनिकचं: ७.७ केईव्हीला लावलेला सिलिकॉन (१११) त्याच कोनात तिप्पट ऊर्जेचा, २३.१ केईव्हीचा प्रकाशही पुढे पाठवतो. दुप्पट नाही, कारण (२२२) ला परावर्तन जवळपास नाहीच. तो तिप्पट ऊर्जेचा प्रकाश गोळीतून आरपार जातो आणि शोषण कमी असल्याचा भास करतो. आरसा बराचसा अडवतो. तरी दुसरा स्फटिक किंचित फिरवून तीव्रता ३०-४० टक्के उतरवायला सांगा. प्रकाश कमी झाला म्हणून जीव वरखाली होतो, पण जो जातो त्यात नको असलेला भाग जास्त.

स्कॅनची पायरी: कडेच्या १५० ईव्ही आधीपासून ३० ईव्ही आधीपर्यंत ५ ईव्हीने, मग ५० ईव्ही नंतरपर्यंत अर्ध्या ईव्हीने, पुढे के मध्ये ०.०५ ने. अर्ध्या ईव्हीहून बारीक जाऊन काही हाती लागत नाही, कोबाल्टच्या गाभ्यातल्या पोकळीची नैसर्गिक रुंदीच १.३ ईव्हीच्या आसपास आहे. असा एक स्कॅन अर्धा ते पाऊण तास घेतो.

आता शिफ्ट. कोबाल्टला चार नमुने आणि तीन मानकं, प्रत्येकी दोन स्कॅन, पाऊण तासाने साडेदहा तास. निकेलला चार नमुने आणि एक मानक, साडेसात तास. झाले १८. संरेखन, कडा बदलणं, भरणीत गेलेला वेळ मिळून २४, म्हणजे आठ तासांच्या तीन शिफ्ट. हा हिशोब असाच अर्जात मांडा. ‘सहा शिफ्ट द्याव्यात ही विनंती’ यापेक्षा हे जास्त चालतं.

मानकांबद्दल एक सावधगिरी. कोबाल्टसाठी कोबाल्ट मोनॉक्साइड, कोबाल्ट टेट्रॉक्साइड आणि लिथियम कोबाल्ट ऑक्साइड घ्या. बाजारात ‘कोबाल्ट (३) ऑक्साइड’ लिहिलेली बाटली मिळते, तिचं एक्सआरडी काढून पाहा, बऱ्याचदा आत टेट्रॉक्साइडच निघतं. मोनॉक्साइडही हवेत वरवर ऑक्सिडाइझ होतं. मानकच खोटं निघालं तर चारही नमुन्यांचा हिशोब एकसाथ चुकतो. निकेलला निकेल ऑक्साइड पुरे.

---

पट्टा_रावेर_यावल

केळीचं कोणी बोललं नाही अजून, तर मी लिहितो. माती-पान विश्लेषणाच्या बाजूचा माणूस आहे मी.

तुमच्या गटाने आधी हे ठरवावं की त्यांना नक्की काय बघायचंय. आपल्या पट्ट्यातली काळी जमीन चुनखडीयुक्त, सामू आठच्या वर. माती परीक्षणात झिंक म्हणून जे येतं ते डीटीपीएने (धातू धरून विरघळवणारं रसायन) निघणारं, त्याची सीमा ०.६ मिलिग्रॅम प्रति किलो. पण क्ष-किरणाला डीटीपीए कळत नाही. तो मातीतलं सगळं झिंक बघतो, आणि ते किलोला पन्नास-शंभर मिलिग्रॅम असतं. म्हणजे पिकाला मिळणारं झिंक एकूणाच्या एखाद टक्का. झेन्सचं स्पेक्ट्रम मानकांच्या मिश्रणाने जुळवताना ५-१० टक्क्यांखालचा घटक विश्वासाने सांगता येत नाही. तेव्हा ‘पिकाला उपलब्ध झिंक कोणत्या रूपात आहे’ हा प्रश्न साध्या मातीवर या पद्धतीने सुटणारच नाही. उरलेलं ९८-९९ टक्के चिकणमातीच्या खनिजात, लोहाच्या ऑक्साइडवर, कार्बोनेटसोबत कसं अडकलंय, हे सांगता येईल. किंवा झिंक सल्फेट जास्त मात्रेने, समजा किलोला ५०० मिलिग्रॅम, मिसळून ओलावा राखून काही आठवडे ठेवायचं आणि टाकलेलं झिंक कुठे जाऊन बसतं ते बघायचं. मात्रा शेतातली नाही हे मात्र लिहावं लागेल.

पान तर त्याहून अवघड. केळीच्या पानात झिंक कोरड्या वजनाला किलोमागे २०-५० मिलिग्रॅम. एक्झाफ्स विसराच. फ्लुओरेसन्समध्ये झेन्स, तेही बरेच स्कॅन बेरीज करून. शिरेत किती आणि पात्यात किती हे बघायचं असेल तर बीएल-१६ ची मायक्रो-एक्सआरएफ बघा, तिथे काही मायक्रॉनच्या ठिपक्याने नकाशा काढता येतो.

नमुना घेताना जिथे हमखास फसतात ते सांगतो:

फवारणी. करप्यासाठी मॅन्कोझेब मारतात आणि मॅन्कोझेबमध्ये मँगनीजसोबत अडीच टक्क्यांच्या आसपास झिंक असतं. वरून सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या ग्रेडची फवारणी. अशा बागेतलं पान घेतलंत तर डबड्यातलं झिंक मोजून याल. शेतकऱ्याकडून फवारणीचं वेळापत्रक घ्या, शक्य तर काही झाडं मुद्दाम न फवारता ठेवा. एरवी पान ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतात, पण रूप बघायचं असेल तर आम्लाने तेच बदलू शकतं. भरपूर ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा आणि न फवारलेल्या झाडांवर भिस्त ठेवा.

कुठलं पान: वरून तिसरं पूर्ण उघडलेलं, मधल्या भागातली दहा सेंटिमीटरची पट्टी, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंची.

वाळवणं: ओव्हनमध्ये नको. पेशी फुटून झिंक सायट्रेट, फायटेट, प्रथिनं यांच्यात नव्याने वाटलं जातं. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून फ्रीज-ड्राय करा.

अवजारं: लॅबमधली चाळणी बहुधा पितळेची असते, आणि पितळ म्हणजे तांबं आणि झिंक. नायलॉनची घ्या. रबरी हातमोज्यात झिंक ऑक्साइड असतं, पॉलिथिनचे वापरा. साध्या चिकटपट्टीऐवजी कॅप्टन (पॉलिइमाइड) टेप, आणि रिकाम्या टेपचा एक स्कॅन नक्की.

---

के_अवकाश

वरचं सगळं योग्य. मातीच्या मापनात एक गोष्ट जोडतो. काळ्या जमिनीत लोह काही टक्के, झिंक दहा हजार भागांत एकही नाही. डिटेक्टरवर लोहाची ६.४ केईव्हीची रेघ इतकी प्रखर पडते की झिंकच्या ८.६४ ला मोजायला वेळच उरत नाही. डिटेक्टरसमोर १०० मायक्रॉन शुद्ध ॲल्युमिनियमची फॉइल लावा. लोहाचा प्रकाश तेराव्या हिश्श्यावर येतो, झिंकचा तिसऱ्या हिश्श्यावर. झिंकचंही नुकसान होतं, पण सौदा फायद्याचा. स्वयंपाकघरातली फॉइल सात-आठ पदर करून लावायचा मोह होतो, ती नको. त्या मिश्रधातूत मुळातच लोह घातलेलं असतं.

नमुन्यात तांबं जास्त असेल, म्हणजे बोर्डो मिश्रण वगैरे मारलेलं, तर त्याची ८.९ ची रेघ झिंकच्या खिडकीला चिकटते. खिडकी अरुंद ठेवा.

---

शिरपूर_पलीकडे

जायचं-यायचं नि कागदपत्रांचं लिहितो, बाकी ज्ञान वर झालंच आहे.

इंदूरमध्ये दोन वेगळ्या जागा आहेत, घोळ करू नका. इंडस-२ आहे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, राऊ-राजेंद्र नगरच्या बाजूला. यूजीसी-डीएईचं केंद्र मात्र खंडवा रोडला विद्यापीठाच्या आवारात. धुळ्याहून शिरपूर, सेंधवा, मानपूर करत आग्रा रोडने गेलात तर शहराच्या आत शिरायच्या आधीच राऊ लागतं. तिकडेच उतरा, बस स्टँडपर्यंत जाऊन उलटं यायचं काम नाही.

आवार अणुऊर्जा विभागाचं आहे. येणाऱ्यांची नावं आधी कळवलेली हवीत, ओळखपत्र आणि संस्थेचं पत्र जवळ. ऐनवेळी ‘अजून एक मैत्रीण येतेय’ चालत नाही. तीन शिफ्ट सलग चालणार, तेव्हा दोघं-तिघं जा आणि रात्र वाटून घ्या. प्रकाशित होणाऱ्या संशोधनाला अशा सुविधांत बीमचे पैसे घेत नाहीत, निवड गुणवत्तेवर होते. प्रवास आणि राहण्याचं कोण किती देतं ते तुमच्या अर्जाच्या मार्गावर अवलंबून, मंजुरीच्या पत्रात बघा.

नमुना बदलायला हचमध्ये (मापनाच्या बंद खोलीत) जाताना ठरलेला क्रम असतो: आत कोणी नाही ना बघायचं, शोध-बटण दाबायचं, वेळेत बाहेर येऊन दार बंद, मग शटर. मधलं पाऊल गाळलं तर इंटरलॉक शटर उघडूच देत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकदा आत गेलं की चार-पाच गोळ्या बसतील अशी पट्टी लावता येते का ते बीमलाइन शास्त्रज्ञाला अगोदर मेलवर विचारा. तो मेल अर्ज टाकायच्या आधीचा असावा, मंजुरीनंतरचा नाही.

---

तापी_काठची

सगळ्यांचे आभार. केळीचा अर्ज वेगळा करायचं ठरलंय, आणि कृषीच्या गटाला मॅन्कोझेबचं सांगितलं तर त्यांनी वहीत बाग क्रमांक शोधायला घेतले. शेवटचं एकच: गोळ्या आत्ताच करून ठेवल्या तर चालतील का? मंजुरी यायला वेळ लागेल.

---

गोळी_आणि_गणित

ऑक्साइडच्या चालतील. कॅप्टनमध्ये दोन्ही बाजूंनी बंद करा, डेसिकेटरमध्ये ठेवा, पावसाळा मध्ये येतोय. मोनॉक्साइडची मानक गोळी मात्र जायच्या आठवड्यात करा. पाकिटावर नमुन्याचं नाव, नमुन्याचं वजन, बोरॉन नायट्राइडचं वजन, तारीख लिहा. पहाटे तीन वाजता ‘एन-३’ आणि ‘एन-३ नवीन’ यांतलं कुठलं काय, हे कोणालाच आठवत नाही.

इलेक्ट्रोडवर चार्ज-डिस्चार्ज करून काढलेला नमुना मोजणार असाल तर त्याची गोळी आत्ता करू नका. निकेल फोमवरून खरवडलेल्या पावडरमध्ये फोमचं धातूचं निकेल येतं आणि निकेलची कडा खोटी पडते. त्यासाठी इलेक्ट्रोड आधीच कार्बन पेपरवर बनवा.